अबोल्याचं गॅरेज

गाडी चालू होत नाही म्हटलं की माणूस काय करतो? बॉनेट उघडतो, आत वाकून बघतो आणि मान हलवतो. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, तोसुद्धा अशी मान हलवतो की जणू आतल्या लोखंडाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग शेजाऱ्याला बोलावून धक्का मारतो, घामाघूम होतो, आणि सगळं करून थकला की मुकाट्याने येतो तो रस्त्याच्या टोकाला, दोन भावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आधीच आला असता तर कपडे तरी स्वच्छ राहिले असते. पण सांगणार कोणाला?

शेड एकच. अर्धी थोरल्याची, अर्धी धाकट्याची. मध्ये भिंत नव्हती, तरी कोणाची हद्द कुठे सुरू होते हे आंधळ्यालाही कळलं असतं. थोरल्याच्या बाजूची जमीन तेल पिऊन पिऊन काळी झालेली, तिथे जॅक, पाने, रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेले सुटे भाग. धाकट्याची बाजू झाडून लख्ख, खिळ्यांवर रंगांप्रमाणे वायरी टांगलेल्या, बाकावर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. इंजिन, गिअर, ब्रेक, तेल, पाणी हे थोरल्याचं. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, कॉइल, दिवे, हॉर्न हे धाकट्याचं. नव्या गाड्या या रस्त्याला फिरकत नसत, त्यांच्या पोटात कॉम्प्युटर असतो आणि त्यांचे दवाखाने वेगळे. इथे यायच्या त्या जुन्या गाड्या, आणि त्यांचे मालकही बहुतेक जुनेच.

ही गोष्ट धाकट्याची आहे. त्याला बाजारात सगळे फ्यूज म्हणत. वायरिंगचं काम करतो म्हणून नव्हे, कधी उडेल याचा नेम नाही म्हणून. राग कायम नाकावर. कुणी म्हणालं की हॉर्न वाजत नाही, तर हा आधी विचारणार, वाजवायचाय कशाला, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? आणि मग तासभर डॅशबोर्डखाली उलटा पडून तो हॉर्न असा दुरुस्त करणार की पुन्हा त्या गाडीचा मालक त्या कामासाठी यायचा नाही. तोंडाने फटकळ, हाताने गुणी. लोक त्याच्या तोंडाला वैतागायचे आणि हातासाठी परत यायचे.

आई-वडील दोघंही लवकर गेले, तेव्हा थोरल्याला नुकती मिसरूड फुटत होती आणि धाकटा शाळेत होता. थोरल्याने एका गॅरेजात हेल्पर म्हणून काम धरलं आणि धाकट्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे स्वतःची शेड टाकली, धाकट्याला वायरिंग शिकायला धाडलं, लग्न करून वहिनी आणली. वहिनी आली तेव्हा धाकटा तिच्या खांद्याएवढा होता. वहिनीने पहिल्याच आठवड्यात दोघांना ताटावरून उठवून साबण दिला आणि सांगितलं, ग्रीसचे हात घेऊन माझ्या घरात जेवायला बसायचं नाही. दोघंही निमूट हात धुवायला गेले. धाकट्याने लग्न केलं नाही. कोण देणार होतं त्याला मुलगी? बघायला गेला तिथेही मुलीच्या बापाच्या स्कूटरचा इंडिकेटर लागत नव्हता, त्यावरून बोलून आला. तो शेडमागच्या खोलीत राहायचा आणि दोन वेळ वहिनीच्या हातचं जेवायचा.

दोघा भावांची जुगलबंदी बघायला माणसं काम नसताना येऊन बसत. गाडी आली की थोरला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरायचा आणि म्हणायचा, माझं सगळं ठीक आहे, करंट येत नाहीये. धाकटा प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरायचा, टिचकन निळी ठिणगी पडली की म्हणायचा, हा बघ करंट, पेट्रोल कुठंय ते तू बघ. जगात जिथे जिथे इंजिनवाला आणि वायरिंगवाला एका छपराखाली काम करतात, तिथे तिथे हेच चालतं. दोष नेहमी पलीकडच्याच्या हद्दीत. पण हसत हसत चालायचं. तू-तू मैं-मैं करत दोघं मिळून दोष शोधायचे, आणि सापडला की एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचे.

थोरल्याचे दोन नियम होते आणि ते त्याने धाकट्याच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवले होते. पहिला, आधी सोपं बघायचं. दिवे मंद आहेत, सेल्फ नुसता कट् वाजतो, तर लगेच सेल्फ खोलायचा नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार चढलाय का ते बघायचं, गरम पाण्याने धुवायचा, अर्थिंगची पट्टी घट्ट करायची. दहातल्या आठ गाड्या तिथेच चालू होतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारा मेकॅनिक थोरल्याला चालत नसे. दुसरा नियम त्याहून मोठा. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलली की गाडी चालवून बघायची, मग दुसरी. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर दोष कशात होता हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आणि हाच नियम दोघांनी मिळून मोडला.

दवाखान्यातल्या एका नर्सबाईंची क्रीम रंगाची जुनी गाडी होती. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली. ती गरम झाली की रस्त्यात बंद पडायची आणि गार झाली की आपोआप चालू व्हायची. असला दोष सगळ्यात वाईट, कारण मेकॅनिकसमोर आली की गाडी गुणी पोरासारखी वागते. थोरला म्हणाला, कॉइल तापली की करंट देणं सोडते. धाकटा म्हणाला, पेट्रोलचा पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते. शब्दाने शब्द वाढला. चार गिऱ्हाईकं बसलेली, नर्सबाई उभ्या. एरवी हसण्यावारी गेलं असतं, पण त्या दिवशी धाकट्याचा फ्यूज उडाला. तो म्हणाला, दादाचा कान गेलाय आता, इंजिन काय बोलतंय ते त्याला ऐकू येत नाही, उगाच दांडकं कानाला लावून बसतो. बाकावरची माणसं हसली.

ज्या माणसाने आयुष्यभर कानाच्या जोरावर पोट भरलं, त्याला चारचौघांत असं बोलायचं? थोरल्याने स्क्रू ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला. संध्याकाळी धाकटा चहाला गेला असताना त्याने स्वतःच्या हाताने कॉइल बदलली. धाकट्याला ते माहीत नव्हतं, थोरला घरी गेल्यावर त्याने जिद्दीने पंप बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हातान्हात फिरवली, एकदाही बंद पडली नाही. कॉइलमुळे की पंपामुळे? आता कोण सांगणार? दोघांनीही आपापल्या मनात स्वतःला जिंकवून टाकलं. माफी मागायची तर हरल्यासारखं, आणि हरलं कोण ते तर ठरलंच नव्हतं. असा तो अबोला सुरू झाला.

काम मात्र थांबलं नाही. पोट कुणाला चुकलंय? दोघांनी न बोलता एक रीत पाडून घेतली. ज्याचं काम झालं त्याने गाडीच्या वायपरला फडकं बांधायचं. फडकं दिसलं की दुसऱ्याने समजायचं, याचं झालं, आता आपण घ्यायची. दुपारी वहिनी डबा घेऊन यायची, दोघं दोन टोकांना बसून एकाच डब्यातलं जेवायचे, आणि काही सांगायचं असलं की वहिनीच्या तोंडून. सांग तुझ्या दिराला, अमक्याचा डायनॅमो बघ म्हणावं. सांगा वहिनी तुमच्या नवऱ्याला, बघितलाय. दहा पावलांवर बसलेली माणसं. वहिनी सुरुवातीला चिडली, मग रडली, मग तिने नाद सोडला. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात, पण या दोघांनी ते गोठवून टाकलं होतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग कुणी मोजायचंही सोडलं. धाकट्याच्या कानशिलावर पांढरे केस आले.

तुम्हाला वाटेल धाकट्याला त्याचं काही नव्हतं. तसं नव्हतं. रोज सकाळी शटर वर करताना त्याला वाटायचं, आज दादा काहीतरी बोलेल. नुसतं, अरे तो पाना दे, एवढं म्हणाला तरी पुरे, मी पुढचं सगळं बोलेन. पहिला शब्द तेवढा त्याचा हवा. मोठा आहे तो, त्याने बोलायला नको का? आणि तिकडे थोरल्याच्या मनात काय होतं, देव जाणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

मग हळूहळू एक विचित्र गोष्ट सुरू झाली. थोरल्याकडून फडकं बांधून आलेल्या गाड्यांमध्ये काहीतरी राहिलेलं असायचं. एकदा प्लगच्या वायरी अदलाबदल करून लावलेल्या, सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखे बार. एकदा रेडिएटरचं झाकणच नाही. एकदा तर फडकं बांधलेलं आणि गाडीला हातही लागलेला नाही. धाकट्याच्या डोक्यात तिडीक जायची. हा मुद्दाम करतोय, त्याने ठरवून टाकलं. आपल्याला डिवचतोय. आपण ओरडावं, पहिला शब्द आपल्या तोंडून निघावा, म्हणून सगळं चाललंय. मग बघतोच, असं म्हणत तो दात-ओठ खात वायरी नीट लावायचा, झाकण शोधून बसवायचा, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वर्षभर त्याने अशा किती चुका गुपचूप निस्तरल्या असतील. त्याला वाटायचं, आपण जिंकतोय.

अहो, ज्याने आयुष्यभर आधी सोपं बघितलं, त्याला एवढं सोपं दिसू नये? पण रुसलेल्या माणसाला सगळीकडे फक्त रुसवाच दिसतो.

एक दिवस नर्सबाईंची तीच क्रीम गाडी ऑइल बदलायला आली. थोरल्याने खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल सोडलं, बोल्ट परत लावला, आणि वायपरला फडकं बांधलं. धाकट्याला चार्जिंग बघायचं होतं. त्याने गाडी चालू केली, तर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटलेलाच. दुसरा कुणी असता तर त्याने आधी मापाची पट्टी ओढून ऑइल बघितलं असतं. पण धाकटा वायरिंगवाला. लाल दिवा म्हणजे त्याच्या लेखी वायर नाहीतर सेंसर. त्याने सेंसरची वायर काढली, दिवा विझला. सेंसर गेलाय, तो मनाशी म्हणाला, आणि मीटर लावून बसला. ऑइल नसेल हे त्याच्या मनातही आलं नाही. कारण ऑइल भरणं दादाचं काम होतं. इतक्या वर्षांचा अबोला, इतका संशय, पण थोरला इंजिनाचा घात करेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. खोड्या काढेल, इंजिन मारणार नाही.

आधी खडखड झाली. मग लोखंड घासल्याचा एक लांब आवाज. धाकटा किल्लीकडे झेपावला, तोवर इंजिन जागच्या जागी जाम झालं.

त्याने पट्टी ओढली. कोरडी. आणि मग त्याचा तोल गेला. इतकी वर्षं ज्या पहिल्या शब्दासाठी तो थांबला होता, तो शेवटी त्याच्याच तोंडून निघाला, आणि निघाला तो असा.

"मुद्दाम केलंस ना? एका बाईच्या बापाची गाडी मारलीस, माझी जिरवायला? लाज नाही वाटत?"

थोरला ट्रेवर वाकून ब्रश फिरवत होता. त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, अपमान नव्हता. शाळेत गणित न आलेल्या पोराच्या डोळ्यांत असते तसली भीती होती. त्याने एकदा गाडीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या ऑइलच्या न उघडलेल्या डब्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. तो परत खाली वाकला आणि तोच धुतलेला भाग पुन्हा धुवायला लागला.

नर्सबाई गाडी न्यायला आल्या तेव्हा धाकट्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग त्या थोरल्याजवळ गेल्या, त्याला हलक्या आवाजात काहीबाही विचारलं, घर कुठे आहे, सकाळी काय खाल्लंत, हातात काय आहे हे. परत आल्या आणि धाकट्याला विचारलं, यांचं हे कधीपासून असं आहे? धाकटा म्हणाला, काय कधीपासून? नर्सबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, घरी जाऊन विचारा.

तो तसाच घरी गेला. वहिनी कपडे वाळत घालत होती. त्याने विचारलं, आणि हातातला ओला सदरा तसाच धरून ती खाली बसली. मग एकेक करत सांगत गेली. तुमचे दादा सदरा उलटा घालतात. रात्री जेवून झाल्यावर विचारतात, जेवायचं कधी. मागच्या हिवाळ्यात घरी येताना चुकले, कुणीतरी हात धरून आणून सोडलं. चुलीवर दूध ठेवून विसरतात. तिने सगळं झाकून ठेवलं होतं, कारण गॅरेजात जाणं थांबलं तर ते उभ्याउभ्या संपतील असं तिला वाटायचं. धाकट्याला वाटलं जमीन दुभंगावी. तो म्हणाला, वहिनी, मला का नाही सांगितलंत?

"कसं सांगू, भावजी?" वहिनी म्हणाली. "कामापलीकडे यांचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठायचात. आणि मला वाटायचं, दिवसभर तुमच्याजवळच असतात, तुम्हाला दिसत असेलच."

तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. दिसत होतं ना. रोज दिसत होतं. बोलणं चालू असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. एकच प्रश्न चार वेळा विचारणाऱ्या माणसाचा आजार बोलण्यातच कळतो, आणि बोलणं तर या दोघांनी बंद करून ठेवलं होतं.

डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने उगाच आशा लावली नाही. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल, एवढं त्याने समजावलं. धाकट्याने विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाला, थोडं सावरता आलं असतं, वेग जरा कमी झाला असता. एवढंच म्हणाला, पण धाकट्याला ते आयुष्यभर पुरलं. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर थोरल्याचा हात धरून बसला होता. थोरल्याने हात काढून घेतला नाही, आणि दाबलाही नाही.

आता धाकट्याला एकच पाहिजे होतं. दादाने एकदा आपल्याशी बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील. सगळं पुसून जाण्याआधी एकदा तरी ओळखून, तू तसं का बोललास रे, असं विचारावं, म्हणजे आपल्याला पाय धरता येतील. तो स्वतःहून बोलायला लागला, दादा, चुकलं माझं, दादा, कॉइलच खराब होती, तूच खरा. रोज सांगायचा. थोरला ऐकून घ्यायचा आणि दुसरीकडे बघायचा. वहिनीशी तो दोन शब्द बोलायचा, दारावर येणाऱ्या भाजीवाल्याशीही बोलायचा, पण धाकटा समोर आला की गप्प. बाकी सगळं विसरत चालला होता, फक्त याच्याशी बोलायचं नाही ही सवय तेवढी हाडात मुरली होती. यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली असती?

धाकट्याने नर्सबाईंची गाडी स्वतः दुरुस्त करायला घेतली. इंजिन त्याने कधी खोललं नव्हतं, ती दादाची हद्द. वहिनी सकाळी थोरल्याला आणून बाकावर बसवायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. धाकटा त्याच्यासमोर एकेक भाग काढायचा, पुसायचा, त्याच्या मांडीवर ठेवलेल्या फडक्यावर मांडायचा, आणि विचारायचा, दादा, हे असंच ना? उत्तर येत नसे. मग त्याने एक वेडेपणा सुरू केला. मुद्दाम चुकायचा. इंजिनाच्या हेडचे नट आलटून पालटून आवळायचे सोडून एका बाजूने आवळत जायचा, जे थोरल्याने बघितलं असतं तर पाना फेकून मारला असता. गॅस्केट उलटी लावायचा. प्लगवर हातोडी उचलायचा. आणि तिरक्या नजरेने बघायचा, दादाच्या कपाळावर आठी येते का. येत नसे. मग चुकीचं केलेलं सगळं पुन्हा काढायचं आणि बरोबर लावायचं. काम दुप्पट झालं, पण त्याला कुठे घाई होती? शेवटी गाडी उभी राहिली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण चालली. नर्सबाई ती घेऊन गेल्या, जाताना थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. थोरल्याने त्यांना नमस्कार केला. धाकट्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर थोरला फार झपाट्याने उतरत गेला. भाजीवाल्याला ओळखेना, शेजाऱ्याला ओळखेना, कधीकधी वहिनीलाही आई म्हणायचा. वहिनी हसून ओ द्यायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची. शेडमध्ये मात्र तो शांत असायचा, म्हणून त्याला आणत राहिले.

अशाच एका सकाळी शेड रिकामी होती. ऊन पत्र्यावर यायला अजून वेळ होता. वहिनी थोरल्याला बसवून गेली. एका निळ्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडं होतं, धाकटा त्याच्या बाजूला नुसता उभा होता, हातात काही नाही. थोरला बाकावरून उठला. हळूहळू चालत आला, सदऱ्याला हात पुसले, आणि धाकट्याच्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाला, "काय त्रास आहे गाडीला?"

आवाज तोच होता. इतक्या वर्षांत तो थोडा बारीक झाला होता, एवढंच. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, सकाळी चालू होत नाही.

"रोज?"

"रोज."

"दिवसा बरी असते?"

"हो."

थोरल्याने आत वाकून बघितलं. बॅटरीच्या टोकांवरून बोट फिरवलं. मग मान हलवली, पण ती न कळणाऱ्याची मान नव्हती. "रात्रभर कुठेतरी करंट खातेय ही. वायरिंगचा दोष आहे. हे माझ्या हातचं नाही, साहेब. तुम्ही बसा जरा. माझा धाकटा येईल आता, तो बघेल."

साहेब. धाकटा बॉनेटची कड घट्ट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, मीच आहे. मी आलोय."

थोरला हसला. गिऱ्हाईक गमतीने काही बोललं की हसायचा तसं. "नाही हो. तो पोरगा आहे अजून. केस हे असे काळेभोर. तुम्ही बसा, येईलच." त्याने बाकावरची धूळ हाताने झटकली, धाकट्याला बसायला जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसला. "तोंडाचा जरा कडक आहे. काही बोलला तर मनावर घेऊ नका. पण वायरमध्ये त्याच्यासारखा हात नाही कुणाचा. मी शिकवलं म्हणून सांगत नाही. माझ्यापेक्षा पुढे गेला."

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने ते पुसलं नाही. पुसलं असतं तर थोरल्याने विचारलं असतं, काय झालं, आणि त्याला काय सांगणार होता तो?

थोरल्याने रस्त्याकडे बघितलं. मग आवाज उतरवून, घरातली गोष्ट परक्याला सांगतात तसा, म्हणाला, "हल्ली बोलत नाही तो माझ्याशी."

"का?"

"काय झालं होतं, ते आठवत नाही बघा." थोरल्याने कपाळ चोळलं. "पुष्कळ आठवून बघतो. माझंच काहीतरी चुकलं असणार. लहानाचा मोठा केला त्याला, उगाच का बोलायचं सोडेल?"

"नाही दादा," धाकटा म्हणाला. "तुमचं नाही चुकलं."

"तुम्हाला काय ठाऊक?" थोरला म्हणाला, रागाने नाही, मायेने. "तुम्हाला भेटला कुठे, तर एक सांगाल का त्याला? म्हणावं, थोरला वाट बघतोय. नाही बोलला तरी चालेल, नुसता येऊन बस म्हणावं."

"सांगतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याने समाधानाने मान डोलावली आणि पाय लांब केले. रस्त्यावरून एक सायकल गेली, मग एक बाई पिशवी घेऊन गेली. प्रत्येक माणूस दिसला की थोरला थोडा पुढे वाकून बघायचा, आणि पुन्हा मागे टेकायचा. धाकटा त्याच्या शेजारी बसून राहिला. दोघं भाऊ मग बराच वेळ धाकट्याची वाट बघत होते.